मुन्शीजींचा बाब सातवा

स्टेशनावर दोन गोष्टी आपोआप साचतात. एक कोळशाची भुकटी आणि दुसरे किस्से. भुकटी निदान झाडून टाकता येते. किस्से झाडायला जावं तर आणखी दोन अंगावर पडतात!

मी जऊळक्याच्या स्टेशनावर तारबाबू म्हणून चौदा वर्षं काढली. दिवसाला गाड्या मोजक्या, तारा त्याहून मोजक्या. मग माणसानं करावं काय? ऐकावं. आणि ऐकलेलं जरा तिखट-मीठ लावून पुढं सांगावं. माझ्या सांगण्यात तिखट किती आणि मीठ किती, हे आमच्या घरी विचारू नका. घरचे म्हणतात, जेवणच नसतं, नुसतं तिखट-मीठ असतं. म्हणोत बापडे! प्लॅटफॉर्मच्या टोकाला कडुलिंब होता, कडुलिंबाखाली बाक होता, आणि त्या बाकावर रोज दुपारच्या गाडीला चार माणसं जमायची, एवढं तरी खरं धरा.

पहिले मुन्शी फय्याज अली. स्टेशनापलीकडच्या गावातल्या उर्दू शाळेचे हेडमास्तर. शाळेत मास्तर एकच होता, त्यामुळं हेडही तेच. दुसरे त्याच गावच्या मशिदीचे मौलवी गफूरसाहेब. पांढरी दाढी, पाच एकर ज्वारी, दोन बैल आणि कमी बोलणं. तिसरे मराठी शाळेचे त्र्यंबक मास्तर. आणि चौथे रिठदचे कोंडू पाटील. हे कापसाच्या गाड्या घेऊन मालधक्क्यावर यायचे, आणि गाड्या रिकाम्या झाल्या तरी बाकावरून हलायचे नाहीत.

आता मुन्शीजींचा छंद सांगतो. जगात कुठंही नवा शोध लागला, की तो आपल्या पाक किताबात आधीच लिहिलेला आहे, हे ते सिद्ध करून दाखवायचे. आगगाडी? आहे. रेडियम? आहे. बिनतारी संदेश? तो तर दोन ठिकाणी आहे!

*

मुन्शीजींकडं लाहोरहून निघणारा एक उर्दू अखबार यायचा. दुपारच्या गाडीनं, चार दिवसांचा शिळा. त्यात विलायतेतल्या शोधांचं एक सदर असे. मुन्शीजी बाकावर बसून ते वाचायचे, मान डोलवायचे, घरी जायचे. दुसऱ्या दिवशी येताना आयत, म्हणजे किताबातलं वचन, शोधून आणायचे. हा नेम कधी चुकला नाही. गाडी चुकायची, आयत चुकायची नाही!

एकदा मौलवीसाहेब म्हणाले, "मुन्शी, एक सांगू काय?"

"फर्माइए."

"तुले सगळं सापडते, पण त्या गोऱ्याले सापडल्यावर सापडते. एखांदा शोध त्याच्या आंधी सांग ना! म्हणजे आमालेबी जरा छाती फुगवता येईन."

मुन्शीजींनी आव्हान घेतलं. आठ दिवसांची मुदत मागितली. ते आठ दिवस बाकावर आले नाहीत. शाळेतल्या पोरांना सुटी लवकर मिळू लागली. गावात बातमी पसरली की मुन्शीजी जगातला पुढचा शोध लावून राह्यले. कोंडू पाटील तर नवव्या दिवशी काम नसताना रिठदहून गाडी जुंपून आले.

मुन्शीजी आले. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. सगळे सरसावून बसले. मुन्शीजी सरळ माझ्या खिडकीशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"बाबू, आजचा अखबार आला काय?"

*

आमच्या भागावरून पहिल्यांदा विमान गेलं तो दिवस मला पक्का आठवतो. कारण त्या दिवशी एक मालगाडी सिग्नलला उभी होती आणि तिचा ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, तिघंही रुळात उतरून तोंड वर करून उभे होते.

विमान दिसेनासं झालं आणि बाकावर लढाई जुंपली. मुन्शीजी म्हणाले, "आमच्या किताबात याचा साफ इशारा आहे." त्र्यंबक मास्तर उसळले, "इशारा कसला? आमच्या पुराणात अख्खं विमान आहे! बसायच्या जागेसकट!" मुन्शीजी म्हणाले, आमच्या एका पैगंबराचं तख्त वाऱ्यावर चालायचं. मास्तर म्हणाले, तख्ताला पंखे नव्हते, आमच्या विमानाला होते. मुन्शीजी म्हणाले, पंखे असणं हीच कमजोरी! एकमेकांच्या शाळांचे निकालसुद्धा उकरून झाले.

कोंडू पाटील तंबाखू चोळत ऐकत होते. त्यांनी चिमूट ओठाखाली ठेवली, हात झटकले आणि म्हणाले,

"एक समजून नाही राह्यलं मले. विमान मास्तरच्या घरचं, विमान मुन्शीजीच्याबी घरचं. मंग त्याच्यात बसून तो गोरा काहून फिरून राह्यला?"

 मालगाडीनं तेवढ्यात शिटी दिली आणि दोघंही एकदम तिचे डबे मोजायला लागले!

*

याच पाटलांच्या कपाशीवर एका साली अळी पडली. पाटील मुन्शीजींसमोर उभे राहिले.

"मुन्शीजी, तुमच्या किताबात सगळं शास्त्र हाये म्हणता. अळीवर काय औषीद लिवलं?"

मुन्शीजी गंभीर झाले. "पाटील, किताब इशारा करते. नुस्खा नाही देत."

"इशारा त मीबी तीन दिसापासून करून राह्यलो," पाटील म्हणाले, "पण अळी समजूनच घेत नाही ना!"

मौलवीसाहेब हसले. मग म्हणाले, "पाटील, मी चाळीस वर्सं ते किताब वाचून राह्यलो. माह्या ध्यानात एवढंच आलं का खोटं बोलू नोको, तोलात मारू नोको, अन् शेजारी उपाशी असंन त आपण जेवू नोको. एवढंच मले अजून जमलं नाही, त मी अळीकडं कवा पाहू? शेतकी खात्याचा माणूस वाशीमले येते मंगळवारी. त्याले विचार."

मुन्शीजींना हे फार लागलं. परत जाताना ते मला म्हणाले, "मौलवीसाहेब नेक आदमी आहेत, बाबू. पण सायन्समध्ये कच्चे!"

*

हसण्यावारी नेऊ नका. मुन्शीजींच्या या छंदामागं एक घाव होता. तो त्यांनी मला एकट्याला सांगितला होता, म्हणजे तो सगळ्या तालुक्याला माहीत होता.

फार वर्षांपूर्वी एक गोरा साहेब शाळा तपासायला आला. भिंतीवर नकाशा नाही, पृथ्वीचा गोल नाही, हे पाहून त्यानं भर वर्गात, पोरांसमोर, मुन्शीजींना विचारलं, "तुमच्या लोकांनी जगाला काय शोधून दिलं? का नुसती जपमाळ?" पोरं हसली. पोरांना इंग्रजी येत नव्हतं, पण साहेब हसला म्हणून तीही हसली. मुन्शीजींनी त्याच दिवशी वही आणली आणि लिहायला बसले.

अकरा वर्षं लिहिलं. बारा बाब झाले. बाब म्हणजे आपलं प्रकरण. एकेका बाबात एकेक शोध. पुस्तक हिरव्या फडक्यात बांधलेलं असायचं, आणि ते फडकं मुन्शीजींच्या काखेत. अकोल्याच्या एका मारवाडी सेठनं छापायचं कबूल केलं, कातिबाकडून सुंदर अक्षरात सगळं उतरवूनही घेतलं. पण एक अट घातली. शेवटच्या पानावर मौलवी गफूरसाहेबांची पसंतीची सही पाहिजे. मौलवीसाहेबांना सगळा जिल्हा मानायचा. सेठ म्हणाला, "सही नसली तर पुस्तक कोणी हातात धरणार नाही. वर मार मला बसेल!"

म्हणजे अकरा वर्षांचं घोडं एका सहीपाशी अडलं. मुन्शीजी रोज सही मागायचे आणि मौलवीसाहेब रोज देत नसत. ओरडून नव्हे, हं. मायेनं देत नसत.

"काहून नाही देत, मौलवीसाहेब? दीनाचीच, आपल्या धर्माचीच खिदमत आहे ना?"

"मुन्शी, तो साहेब दर दहा सालाले आपलं शास्त्र बदलते. काल चुकलो म्हणते, आज नवं काढते. त्याले लाज नाही वाटत, अन् वाटूबी नये, त्याचा धंदाच तो हाये. पण तू त्याचं शास्त्र आमच्या किताबाले बांधून ठेवलं. उद्या तो म्हणीन का मी चुकलो. मंग खोटं कोण ठरलं? तो का आमी?"

"पण तो चुकणार नाही!"

"घे! म्हणजे तुहा इमान साहेबावर!"

*

आणि साहेब चुकला!

आकाशात ग्रह आठ, असं मुन्शीजींनी चौथ्या बाबात सिद्ध केलं होतं. कुठल्या अक्षरांची कुठं बेरीज करून ते आठ आणले होते ते मला विचारू नका. पण आठ म्हणजे आठ. सात नाही, नऊ नाही. "नऊ असणं नामुमकिन," असं शेवटी लाल शाईनं लिहिलं होतं.

एका शुक्रवारी दुपारच्या गाडीनं अखबार आला. मुन्शीजींनी उघडला. वाचला. घडी घातली. उठून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. नंतर त्र्यंबक मास्तरांनी सांगितलं की अमेरिकेतल्या कोणी दुर्बिणीतून नववा ग्रह शोधला. मास्तरांच्या तोंडावर इतका आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. आमच्याकडं आधीपासून नऊच आहेत, म्हणाले! मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या नवात सूर्य आणि चंद्र धरलेत, आणि पृथ्वी विसरलात." ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

रविवारी मुन्शीजी आले ते ताजेतवाने.

"झालं! आठ जाहिर आहेत आणि एक गैबी, म्हणजे झाकलेला आहे. बेरीज मीच चुकलो होतो. किताब नऊच सांगते!"

मौलवीसाहेबांनी शांतपणे विचारलं, "अन् उद्या दहावा सापडला त?"

मुन्शीजींनी हिरवं फडकं सोडलं, चौथा बाब काढला, त्याच्या शेवटावर बोट ठेवलं आणि विजयानं म्हणाले,

"दोन ओळी कोऱ्या सोडून ठेवल्या आहेत!"

*

मुन्शीजींच्या घरी एकच वाचक होता आणि तो फार कडक होता. म्हणजे त्यांची बायको, आमिनाभाभी. त्या पडद्यात असायच्या, पण त्यांचा आवाज पडद्यात नसायचा.

मुन्शीजींना हिवताप आला. थंडी वाजून दात कडकडा वाजायचे. सरकारी दवाखान्यातून कुनैनच्या गोळ्या आणल्या. मी खुशाली विचारायला गेलो तेव्हा मुन्शीजी गोधडीतून म्हणत होते, "मी नाही घेणार. कडू जहर आहे. किताबात कुनैनचा जिक्र कुठंच नाही!"

पडद्यामागून आवाज आला, "बाबू, जरा पूछना इनको. कल तक इनकी किताब में आगगाडी थी, इंजन था, इंजन का कोयला था. आज एक गोली नहीं निकलती?"

मुन्शीजी कुशीवर वळले. "बघतो. एखादा इशारा असेल..."

"इशारा मिलने तक निगलो!"

मुन्शीजींनी गिळली. बरे झाल्यावर बाब वाढला. कुनैनचा.

*

आता बाब सातवा. हा तारेवर होता आणि मुन्शीजींचा सगळ्यात लाडका. हजार कोसांवरची खबर पापणी लवायच्या आत पोचेल, असा इशारा किताबात आहे, आणि तो इशारा म्हणजेच तार! या बाबावर त्यांनी दोन वर्षं घालवली होती. मग एक दिवस माझ्या ऑफिसात आले.

"बाबू, तार चालते कशी?"

मी म्हटलं, "मुन्शीजी, तुम्ही तर लिहून मोकळे झालात!"

"पडताळा पाहिजे ना."

मग मी त्यांना यंत्र दाखवलं, कट्ट-कडकट्ट वाजवून दाखवलं. खाली फळीवर काचेच्या बरण्यांची बॅटरी होती. मी म्हटलं, या दोन टोकांना एकदम हात लावू नका. मुन्शीजी म्हणाले, "बिजलीचं बयान माझ्या बाबात साडेतीन पानं आहे. मला नका शिकवू." आणि लावला हात! नमाजाआधी हातपाय धुतात तो वजू नुकताच करून आलेले, दोन्ही हात ओले. ते असे उडाले की टोपी छताला लागली. छत बारा फुटांवर होतं. बरं, दहा धरा.

त्या वेळी मुन्शीजींच्या तोंडून जे निघालं, ते कुठल्याच किताबात नसावं!

*

आता शेवटचं. ऐका नीट.

रमजानचा एकोणतिसावा रोजा. संध्याकाळी चांद दिसला तर उद्या ईद, नाही तर तिसावा रोजा धरायचा. सगळं गाव टेकाडावर चढलं. पण पश्चिमेला आभाळ असं दाटलेलं की चांद सोडा, टेकाडाखालची म्हैस दिसेना. लोक खाली मान घालून मशिदीच्या अंगणात आले.

चांदाच्या बाबतीत मौलवीसाहेबांचा रिवाज पक्का. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी चांद पाहिला, त्यानं समोर यायचं. मग मौलवीसाहेब विचारायचे, कुठं उभा होतास, चांदाची टोकं कोणीकडं होती, सोबत कोण होतं. असे दोन साक्षीदार पटले तर ईद. न पटले तर नाही. एका साली खुद्द त्यांच्या जावयाला त्यांनी परत पाठवलं होतं, कारण त्यानं टोकं उलटी सांगितली!

इकडं दिवेलागणीला माझं यंत्र वाजलं. अकोल्याहून तार. मुन्शीजींच्या मेहुण्याची. "चांद दिसला. उद्या ईद." असली खबर चपराश्याच्या हाती काय पाठवायची? मी स्वतःच धावत गेलो. पायऱ्यांशी चपला काढून उभा राहिलो आणि तार आत दिली. मुन्शीजींनी मोठ्यानं वाचली. अंगणात एकच जल्लोष! पोरं नाचायला लागली. मी मनात म्हटलं, वा, उद्या आपल्यालाही शिरखुर्मा!

"थांबा," मौलवीसाहेब म्हणाले. पुढचं बोलणं त्यांच्या उर्दूत झालं. मी आपल्या बोलीत सांगतो.

"मुन्शी, तुहा बाब सातवा कायचा?"

"तारेचा."

"त्याच्यात काय लिवलं?"

मुन्शीजी खुलले. भर अंगणात, सगळ्या गावासमोर, खुद्द मौलवीसाहेबांनी बाब विचारला होता! "हजार कोसांवरची खबर पापणी लवायच्या आत पोचेल, हा किताबाचा इशारा. तो इशारा म्हणजेच तार!"

"बरं. मंग किताबातली चीज दारात आली. तू सांगशीन तसं. करू उद्या ईद जाहीर?"

मुन्शीजींचा चेहरा बदलला. ते दोन पावलं मागं सरले.

"तारेवर? तोबा, मौलवीसाहेब! असं कसं? गवाह कुठाय? तारेले तोंड हाये का डोळे? कोणी पाह्यलं, कोणी लिवलं, कोणी वाजवलं, काय माहीत! मंधात चार बाबू!" मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. "अन् शेवटचा बाबू हा! हा त दिवसातून शंभर थापा मारते!"

अंगण हसलं. मी पण हसलो. करतो काय?

मौलवीसाहेब हसले नाहीत. ते मुन्शीजींकडं पाहत राहिले. म्हणाले, "मीबी हेच म्हणतो. गवाह समोर पाह्यजे. पण मुन्शी, जे चीज तू किताबातून काढून दाखवते, तिच्यावर तुहा सोताचाच भरोसा नाही, अन् मले म्हणते सही कर?"

मुन्शीजी खाली बसले. कंदिलाच्या उजेडात त्यांचं तोंड असं उतरलेलं दिसलं, की इतकी वर्षं त्यांची टिंगल करणाऱ्या मलासुद्धा कसंसंच झालं. अकरा वर्षं! आणि आपल्याच तोंडानं, भर गावासमोर, आपणच ती बुडवली.

मौलवीसाहेबांनाही ते दिसलं असावं. थोड्या वेळानं त्यांनी दौत मागवली.

"आयक. बाकीचं मले समजत नाही. ते तू अन् तुहा अल्ला पाहून घ्या. त्या गोऱ्यानं पोरायसमोर तुले हासलं, तवापासून तू लिहून राह्यला, हे मले माहीत हाये. बाब सातवा काढून टाक. मी सही करतो."

"काढतो!" मुन्शीजी म्हणाले. 

मौलवीसाहेबांनी तिथंच, पाटावर कागद ठेवून, पसंतीच्या चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. मुन्शीजींनी तो कागद डोळ्यांना लावला. ईद परवावर गेली, अकोल्याच्या मेहुण्यानं शिरखुर्मा एकट्यानंच संपवला, पण त्या रात्री गावात सगळ्यात आनंदी माणूस कोण, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मुन्शीजींनी सही सेठकडं रवाना केली. दहा वाजता धापा टाकत माझ्या खिडकीशी हजर! टोपी वाकडी, एका पायात चप्पल.

"बाबू, गजब झाला! खुशीच्या भरात पाकिटात नुसती सही घातली. बाब सातवा काढायचं लिहिलंच नाही! सेठ म्हणाला होता, सही हातात पडली की त्याच घडीला छपाई सुरू!"

"मग अकोल्याला जा. दुपारची गाडी आहे."

"आज शाळेची तपासणी आहे! साहेब यायचा! जाऊ कसा?" मुन्शीजींनी इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आणला. "बाबू... तार करा."

मी टाक खाली ठेवला. "काय करू?"

"तार! तार! लौकर!"

"मुन्शीजी, मधे चार बाबू असतात."

"बाबू, थट्टा नका करू, हात जोडतो!"

मी फॉर्म घेतला. "बाब सातवा काढा. बाकी छापा. फय्याज अली." यंत्रावर बसलो आणि एकेक अक्षर असं जपून वाजवलं की आयुष्यात तसं वाजवलं नसेल. पलीकडून पोच आली. मुन्शीजी पोच घेऊन गेले ते थेट शाळेत.

पाच आठवड्यांनी दुपारच्या गाडीनं पार्सल आलं. तरटात शिवलेला भला मोठा गठ्ठा. बाकावर सगळे होते. मौलवीसाहेब, पाटील, मास्तर. मुन्शीजींनी दातांनी सुतळी तोडली. वरची प्रत काढून, कपाळाला लावून, त्यांनी मौलवीसाहेबांच्या हातात दिली. "पहिला मान तुमचा!"

मौलवीसाहेबांनी चष्मा चढवला. पानं उलटली. एका जागी थांबले. तिथं बोट ठेवून शेवटचं पान उघडलं. आपली सही पाहिली. पुन्हा बोट ठेवलेलं पान पाहिलं.

बाब सातवा जागच्या जागी होता. वर बेलबुट्टी काढलेली!

 मुन्शीजी माझ्याकडं वळले. "बाबू... तुम्ही तार केली होती ना?"

"पोच तुमच्याच खिशात आहे, मुन्शीजी!"

गठ्ठ्यात सेठचं पत्र होतं. मराठीत होतं, म्हणून माझ्या हाती आलं. मी मोठ्यानं वाचलं.

"रामराम विशेष. आपले नावाची तार पोचली. परंतु तार कोणी केली हे आम्हास दिसत नाही. तारेला तोंड नाही, हस्ताक्षर नाही. आपण स्वतः समोर येऊन सांगितले असते तर बाब काढला असता. नुसत्या तारेवर आमचे छापखान्यात एक नुक्ताही हलत नाही. सबब पुस्तक पूर्ण छापले आहे. कळावे."

 मुन्शीजी मौलवीसाहेबांकडं पाहत होते, आणि मौलवीसाहेब पत्राकडं. मग त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. मराठी वाचता येत नसतानाही वरपासून खालपर्यंत पाहिलं, चष्मा उतरवला आणि म्हणाले,

"मुन्शी, पुढच्या रमजानपासून चांदाची गवाही हा सेठ घेईन. मी सुटलो!"